भावजींची काडतुसं आणि ताईचं खोबरेल

आमचे भावजी भित्रे होते असं डिचोलीच्या बाजारात आजही कुणी बोललं, की माझं डोकं फिरतं. अरे, ज्याच्या हातातलं पिस्तूल ऐन वेळेला नुसतं ‘टक्’ करतं, त्याच्या जागी एकदा उभे राहा आणि मग तोंड उघडा! भावजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, पद्मावतीताईचे यजमान, कृष्णनाथ शेट, सोनार. मी सुमंगला, ताईची धाकटी बहीण. माझं सासरही त्याच वाड्यावर पडलं. तिचं घर आणि माझं घर यांच्यामध्ये एक दगडी गडगा तेवढा. गडग्यापलीकडचं मला ऐकू यायचं, आणि जे ऐकू येत नसे ते मी जाऊन विचारायची. चोंबडी म्हणा, मला चालतं.

भावजींचा हात म्हणजे काय सांगू! पोरींचे कान आणि नाक टोचायला बायका पार पेडण्याकडून त्यांच्याकडे यायच्या. लेकराला आईच्या मांडीवर बसवायचे, कावळा दाखवायचे, आणि पोर कावळा शोधेपर्यंत सोन्याची तार नाकातून पार. रडणं मागाहून यायचं, तेही आपलं रीत म्हणून. बोलायला मात्र कंजूष. दिवसभर ऐरणीपाशी बसून राहणार, आणि मी काही विचारलं की “बघूया” एवढंच.

त्यांच्याकडे वडिलांच्या वेळचं एक रिव्हॉल्वर होतं. बत्तीस बोअरचं, सहा घरांचं. गावोगाव दागिने पोचवायचे, वाटेत रान, म्हणून परवाना भावजींच्या नावावर करून घेतला होता. काडतुसंही त्याच्याबरोबरची, जुनी. एकही कधी उडवलेलं नाही. उडवायची वेळच आली नाही, मग ती चांगली आहेत की नाहीत हे कुणाला कळणार?

आता दसऱ्याचं सांगते. सोनाराच्या घरी दसऱ्याला हत्यारांची पूजा. ऐरण, हातोडी, चिमटे, फुंकणी, ताजवा, सगळं पाटावर मांडायचं. पावसाळाभर दमट हवेत लोखंडाला गंज चढतो, म्हणून ताई आदल्या दिवशी एकेक वस्तू खोबरेलात भिजवलेल्या फडक्याने पुसायची. त्याच पाटावर रिव्हॉल्वर आणि त्याच्या शेजारी काडतुसं. पितळेची ती, तेलाने अशी लखलखायची की बघत राहावं. वरून हळदकुंकू, झेंडूचं फूल. सगळं आटोपलं की ती काडतुसं पुन्हा रिव्हॉल्वरात, तेलासकट. वर्षानुवर्षं हेच. आमच्या आईनेही असंच केलं असतं आणि मीही केलं असतं.

गोव्याला राज्याचा दर्जा मिळाला त्याच्या दोनतीन वर्षं आधीची गोष्ट. हळर्णला एका घरी लग्न होतं. नवरीचे दागिने घेऊन भावजी दुपारच्या बसने गेले. उतरून जुन्या किल्ल्याच्या पडक्या तटाकडून पायवाटेने चालले होते, तर तिघे आडवे आले. भावजींनी रिव्हॉल्वर काढलं. “पुढे आलात तर गोळी घालीन,” म्हणाले. एक जण पुढे आलाच. भावजींनी चाप ओढला. टक्. परत ओढला. टक्. तेव्हा त्यातला एक हसला. पिशवी घेतली, रिव्हॉल्वर झुडपात भिरकावलं (ते मागाहून सापडलं), आणि जाताजाता लोखंडी कांब उजव्या मनगटावर घातली. मनगटाचा चुरा झाला.

हाड जुळलं, पण वाकडं जुळलं. हात थरथरायला लागला. जाडजूड बांगडी व्हायची, बारीक काम गेलं. नाक टोचायला कुणी पोर आणलं तर भावजीच म्हणायचे, “दुसरीकडे न्या.” रात्री झोपेत ओरडायचे ते मनगटासाठी नव्हे, त्या हसण्यासाठी. हे त्यांनी ताईला सांगितलं, ताईने मला.

बरं वाटल्यावर भावजी म्हापशाला निघाले, नवीन काडतुसं घ्यायला. हात अजून गळ्यात, म्हणून सोबत ताई आणि सामान धरायला मी. दुकानदार सदाशिव म्हणून होता, जाड भिंगाचा चष्मा, बोलणं तिखट. भावजींनी जुनी काडतुसं त्याच्यापुढे ठेवली. त्याने एक उचललं, बुडाकडून बघितलं, नाकाला लावलं.

“शेट, ह्येंका तेल कोण लावता?”

ताई अगदी कौतुकाने म्हणाली, “मी पुसतंय. दर दसऱ्याक, खोबरेलान.”

सदाशिवने चष्मा काढला. म्हणाला, “बाये, रिव्हॉल्वराक तेल व्हया, पण पुसून कोरडा करून. काडतुसाक थेंबय नको. बुडाक ही जी टिकली आसा ना, तिच्यावर घोडो पडता आणि ठिणगी उठता. तेल हळूहळू थयसून आत शिरता. ठिणगीच मरता मगे.”

 मी ताईकडे बघायला घाबरले. ती टेबलावरच्या त्या पिवळ्याधमक काडतुसांकडे बघत होती. भावजींनी जणू ऐकलंच नाही. “नवी दाखवा,” म्हणाले.

मग भावजींनी नवीन काडतुसं ज्या रीतीने निवडली ती बघण्यासारखी होती. खिशातून सोनाराचं भिंग काढून डोळ्याला लावलं आणि डाव्या हाताने एकेक काडतूस फिरवून बघितलं. हिरवट डाग असलेलं बाजूला. पोचा आलेलं बाजूला. सदाशिव सांगत होता: सगळी एकाच खोक्यातली घ्या, ताजी घ्या, त्यातली थोडी चांदमारीवर उडवून बघा, ती उडाली तर बाकीच्यांचा भरवसा धरा, आणि वर्षाने ती वापरून टाका, साठवून ठेवू नका. “चकचकीत दिसता ता चांगला, असा धरू नको शेट.” भावजी म्हणाले, “सोन्याचाय तसाच.”

परतीच्या बसमध्ये ताई खिडकीकडे तोंड करून बसली होती. खनिजाच्या ट्रकांची लाल धूळ आत येत होती, तरी तिने खिडकी लावली नाही. भावजी तिला काहीतरी बोलतील म्हणून मी कान टवकारून बसले होते. त्यांनी काय म्हणावं? “पुढच्या खेपेक येताना भाजी घेवया, म्हापशाची मिरची बरी.” बस्स. त्या दिवशी नाही, नंतरही नाही, तुझ्या तेलाने माझा हात गेला असं त्या माणसाने कधी म्हटलं नाही. माझा नवरा असता तर जन्मभर ऐकवलं असतं, आणि खरं सांगू, मीही त्याला ऐकवलं असतं.

पण न बोलल्याने ताईचं ओझं कमी झालं असं नाही. देवापुढे निरांजन लावताना तिचा हात तेलाच्या बुधलीपाशी थांबायचा, ते मी बघितलंय.

नवीन काडतुसं उत्तम निघाली. ओळखीच्या हवालदाराने चांदमारीवर उडवू दिली, प्रत्येक उडालं. भावजी दर रविवारी उरलेली काढायचे, कोरड्या फडक्याने पुसायचे, सोन्याच्या ताजव्यात एकेक तोलायचे, कमीजास्त नाही ना ते बघायचे, आणि परत भरायचे. “काडतुसां की मोत्यां?” मी चिडवायची. ते हसायचे नाहीत.

भरवशाचं हत्यार हातात आलं आणि भीती कमी व्हायच्या जागी वाढली. हे मला आजही कळलेलं नाही. पूर्वी चोर आला तर आपण काय करणार म्हणून माणूस झोपून तरी जायचा. आता ते संध्याकाळी दिवे लागले की सोप्यावर बसणार, मांडीवर रिव्हॉल्वर, वर टॉवेल. पुढच्या फाटकाला साखळी. पान पडलं, उठले. मांजर उडी मारून गेलं, उठले. पहाटे पोदेर पाव घेऊन सायकलवरून आला तर त्याच्यावरही रोखलं. बिचारा पावाची पाटी टाकून पळाला, आणि पुढे कित्येक दिवस आमचे पाव कोपऱ्यावरच्या पिंपळाखाली ठेवून तिथूनच भोंगा वाजवायचा.

मग ते चादरीचं झालं. शेवंती म्हणून ताईकडे कामाला बाई होती. भरल्या दुपारी ती मागच्या अंगणात धुणं वाळत घालत होती. चादर दोरीवर टाकून पलीकडे वाकून दुसरं पिळत होती. वाऱ्याने चादर हलली, भावजी खिडकीत होते, आणि गोळी सुटली. चादरीला भोक. शेवंतीच्या डोक्याच्या वीतभर वरून गेलेली गोळी मागच्या फणसाच्या खोडात. शेवंती उभी राहिली ती पिळा तसाच हातात धरून. ओरडायलाही विसरली होती. भावजी धावत आले, तिच्या पायाशी बसले आणि लहान मुलासारखे हुंदके देऊन रडले. “माका माफ कर गो, माफ कर.” शेवंती दुसऱ्या दिवसापासून आली नाही. तिला कोण दोष देणार?

मला वाटलं, आता सुटलो. तिसऱ्या संध्याकाळी सोप्यावर बघते तर मांडीवर टॉवेल. मी तिथल्या तिथे फणकारले, “भावजी, जाळून टाका ते!” ते माझ्याकडे बघून म्हणाले, “ठेवलंय तर भय वाटतां, सुमंगला. नाय ठेवला तर त्याहून जास्त वाटतां.” मला रागही आला आणि गलबलूनही आलं.

त्यानंतरच्या आठवड्यात मी गडगा ओलांडून मागच्या दाराने गेले, तर ताई गोठ्याच्या आडोशाला बसलेली. समोर काचेची बरणी. बरणीत खोबरेल, आणि तेलात काडतुसं.

“ताई! कसला गो ह्या?”

“हळू बोल. ते न्हाणीत आसत.” तिने बरणी पदराखाली घेतली. “रोज न्हाणीत गेले की भिजत घालतंय, बाहेर येयच्या आधी पुसून परत भरतंय.”

“आणि खरोखरचो चोर इलो तर?”

“तर आमका दोघांकय मारीत.” ती शांतपणे म्हणाली. “मारूंदे. पण शेवंतीसारख्या कोणाचो जीव ह्यांच्या हातान गेलो तर हे जगाचे नाय. आणि जगले तर ता जगणा नव्हे. माका एकदाच कळला तेल काय करता ता. आता करूंदे त्याका त्याचा काम.”

 मी म्हटलं, तू वेडी आहेस. ती म्हणाली, असेन. मी कुणाला सांगितलं नाही, माझ्या घरातही नाही, आणि मला ओळखणाऱ्याला विचारा हे केवढं अवघड होतं. रोज संध्याकाळी भावजी टॉवेल घेऊन बसले की माझा जीव वरखाली. तेलाने काम केलं नाही तर एखादा निष्पाप जायचा. काम केलं आणि खरा चोर आला तर हे दोघं जायचे. दोन्हीकडून मरणच, आणि त्याच्यामध्ये माझी बहीण भाकऱ्या थापत बसलेली.

त्याच हिवाळ्यात भाषेचं आंदोलन पेटलं. कोकणी की मराठी, यावरून गावागावात माणसं एकमेकांशी बोलेनाशी झाली. आमच्या घरात आरत्या मराठीत, भांडणं कोकणीत, आणि भावजींचं मौन दोन्हीत, त्यामुळे आम्हाला तसा त्रास नव्हता. पण झाडं तोडून रस्ते अडवलेले, बस बंद. ताईचा एकुलता एक मुलगा साईश वास्कोला बंदरात कामाला होता. त्याचा काही निरोप नाही. रेडिओवर बातम्या लागल्या की ताई हातातलं काम टाकून उभी राहायची. भावजींनी पुढच्या साखळीला दुसरं कुलूप घातलं.

एका संध्याकाळी वीज गेली होती, उजेड अजून थोडा शिल्लक होता. मी ताईच्या स्वयंपाकघरात नारळ खवत होते. मागच्या गडग्यावरून कुणीतरी उडी मारल्याचा आवाज आला. भावजी सोप्यावरून धावत मागच्या दारात. मी वळून बघितलं. केळींमधून एक माणूस चालत येत होता, डोक्यापासून पायापर्यंत लालभडक, तोंडाला फडकं बांधलेलं, हातात पिशवी.

“कोण तो?” भावजी ओरडले.

तो माणूस नुसता खोकला. आणखी एक पाऊल पुढे.

टक्.

ताई चुलीपाशी होती, ती उठलीच नाही, तिने डोळे मिटून घेतले. टक्. तेवढ्यात त्या माणसाने फडकं खाली ओढलं.

“बाबा! मी! साईश!”

बस मिळेना म्हणून पोर खनिजाच्या रिकाम्या ट्रकच्या मागे बसून शिरगावपर्यंत आलं होतं, आणि तिथून चालत. ती लाल धूळ अंगभर. पुढच्या फाटकाला बापानेच दोन कुलपं ठोकलेली, म्हणून मागून उडी मारली. खोकल्यामुळे ओ द्यायला आवाज फुटला नाही, एवढंच.

भावजींच्या हातातून रिव्हॉल्वर खाली पडलं. साईश पुढे येऊन त्यांना धरू लागला, तर ते खाली बसले, तो त्यांच्याबरोबर खाली बसला. ताई आली. तिने मुलाच्या तोंडावरची धूळ पदराने पुसली, परत परत पुसली, आणि मग नवऱ्याच्या समोर जाऊन उभी राहिली. मला वाटलं, आता ही सांगणार आणि आता हे तिला मारणार.

“मी तेल घातलंय तेंका,” ताई म्हणाली. “जाणूनबुजून घातलंय.”

भावजींनी वर बघितलं. “माका म्हायत होता.”

साईश एकदा आईकडे, एकदा बापाकडे बघायला लागला.

“रविवारी तोलतंय नाय मी? ताजवो सांगता. आणि वासय येता, खोबरेलाचो.” त्यांचा उजवा हात थडथड उडत होता, तो त्यांनी डाव्याने दाबून धरला. “म्हटला, हिना केल्यान ता बरा केल्यान. म्हणान तींच भरून ठेवलंय. माका म्हायत होता, पद्मा. पण ह्या बोटाक म्हायत नव्हता. बोटान ओढल्यान.”

त्यांनी तिला नावाने हाक मारलेली मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकली. ताई त्यांच्या शेजारी मातीतच बसली, आणि तिघं तशी बसून राहिली. मी नारळ टाकून पाणी आणायला गेले, आणि विहिरीपाशी एकटीच मोठमोठ्याने रडले. का लाजू?

वाटा मोकळ्या झाल्यावर भावजी हवालदाराबरोबर चांदमारीवर गेले. राहिलेली काडतुसं होती तशीच रिव्हॉल्वरात ठेवून. संध्याकाळी परत आले ते ताईकडे न जाता आधी माझ्या दारात. चेहरा पांढरा. मी पाट दिला, बसले नाहीत.

“सुमंगला, घरातले दोन तर तुया ऐकलंस. टक्, टक्. आज थय पयल्यांदाच चाप ओढलो. तिसरा.” त्यांनी पाट भिंतीला सारला. “तिसरा उडाला गो. फळकुटाक भोक पडला. त्याच्यामागची नाय उडाली.”

मी दाराची चौकट धरली. साईशने फडकं ओढायला आणखी एक श्वास घेतला असता तर?

“तिका सांगू नको,” भावजी म्हणाले. “तिका वाटतां तेलान पोराक वाचवला. वाटूंदे. एवढी वर्षां एकाच तेलाक रडली ती.”

त्यानंतर पुन्हा त्यांनी रिव्हॉल्वर भरलं नाही. राज्य झालं, पुढे निवडणूक आली. निवडणुकीच्या वेळी परवानेवाल्यांनी आपापली हत्यारं पोलीस ठाण्यात जमा करायची असतात. भावजी पहिल्याच दिवशी देऊन आले. निकाल लागले, लोक आपापली घेऊन गेले. ठाण्यातून दोनदा निरोप आला, शेट, तुमचं न्या. “बघूया,” म्हणाले. कधी गेले नाहीत. फाटकाची कुलपं निघाली, पोदेर परत दारापर्यंत यायला लागला. शेवंती मात्र आली नाही. भावजी दर चतुर्थीला स्वतः तिच्या घरी करंज्या घेऊन जायचे, आणि ती त्या घ्यायची.

त्यानंतरच्या एका दसऱ्याला मी मदतीला गेले होते. ताई ऐरण पुसत होती, चिमटे पुसत होती, ताजव्याची पारडी पुसत होती. बुधलीपाशी तिचा हात आता थांबत नव्हता. भावजी पलीकडे झेंडूची माळ ओवत बसले होते, थरथरत्या हाताने, एकेक फूल तीनतीनदा सुईवरून सुटत होतं. मध्येच ताई मान वर करून म्हणाली, “काय म्हणा, माझ्याच तेलान वाचलो हो माझो झील, माझो साईश.”

भावजींनी माझ्याकडे बघितलंही नाही.

“होय गो,” म्हणाले, “तुझ्याच तेलान,” आणि सुटलेलं फूल परत सुईला लावलं.